वादळात नाव तोलून धरण्याची विद्या

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे माझे गाव. तेथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. आमचा मुलूख काळ्या मातीचा. ज्वारी, तूर आणि हरभरा यांचा. खाऱ्या पाण्याचा वास आमच्याकडील वाऱ्याला कधी येत नाही. अशा गावच्या माणसाने नभोवाणीवर येऊन शिडाच्या होडीविषयी, आणि तीही भर वादळात सापडलेल्या होडीविषयी बोलावे, हे आपणापैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. माझी सबब एवढीच की, पायांखालचा आधार हलू लागला म्हणजे माणसाने काय करावे, हा प्रश्न आमच्या गावास एकदा फार कठोरपणे विचारला गेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपतीचे विसर्जन करून गावे निजली असता, किल्लारी-सास्तूर या टापूत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूकंप काही क्षणांत येतो आणि जातो; त्या क्षणांत माणसाच्या हाती फारच थोडे असते. समुद्र मात्र माणसाला काही तासांचा अवधी देतो, कधी कधी दोन दिवसांचाही देतो. त्या अवधीत काय करावे, कोणत्या वेळी झुंजावे, कोणत्या वेळी पळावे आणि कोणत्या वेळी थांबावे, याचा विचार दर्यावर्दी लोकांनी पिढ्यान् पिढ्या केला आहे. त्यातील शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे थांबण्याच्या विद्येचे, आपल्या किनाऱ्याशी जे नाते आहे तेच मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

वादळात सापडलेल्या नावेचे चित्र आपल्या मनात बहुधा दोनच प्रकारचे असते. एक तर नाविक लाटांशी झगडत पुढे चालला आहे, किंवा शिडे फाटून, सुकाणू मोडून नाव दैवाच्या हवाली झाली आहे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी स्थिती आहे. तीत नाविकाने हार मानलेली नसते आणि तो पुढेही जात नसतो. इंग्रज खलाशी तिला ‘हीव्ह टू’ म्हणतात. आपण तिला ‘नाव तोलून धरणे’ असे म्हणू.

ही युक्ती कशी साधते, ते प्रथम पाहू. एका डोलकाठीची लहान नौका डोळ्यांसमोर आणा. तिला दोन शिडे आहेत: डोलकाठीच्या पुढे एक लहान तिकोनी शीड आणि मागे एक मोठे शीड. शीड ताणून धरण्याच्या दोरास आपले दर्यावर्दी ‘दामण’ म्हणतात. वारा वाढू लागला की नाविक प्रथम मोठे शीड आखडून लहान करतो. मग तो नौकेची नाळ वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे वळवतो. एरवी असे वळताना पुढच्या शिडाची दामण सोडून ती दुसऱ्या बाजूस ओढून घ्यावयाची असते. येथे मात्र तो ती सोडत नाही. त्यामुळे पुढच्या शिडात वारा उलट्या अंगाने भरतो, आणि ते शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलू लागते. मागचे मोठे शीड याच्या उलट नाळेला वाऱ्याकडे वळवू पाहते. सुकाणूही नाविक अशा रीतीने बांधून टाकतो की, नौकेस थोडीशी गती आली की ती वाऱ्याकडेच वळावी. वाऱ्याकडे वळली की शिडातले बळ जाते, गती मंदावते आणि पुढचे शीड तिला पुन्हा मागे लोटते.

तराजूची दोन पारडी किंचित वर-खाली होत राहावीत पण काटा मध्यातच असावा, तशी ही स्थिती असते. नौकेची नाळ वाऱ्याच्या दिशेशी चाळीस ते साठ अंशांचा कोन करून राहते. पुढची गती जवळजवळ थांबते, आणि नौका ताशी एखाद-दोन सागरी मैल या बेताने वाऱ्यासरशी आडवी सरकत जाते. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे ते सांगतात की, क्षणापूर्वी जी नौका आपटत, आदळत होती ती एकाएकी शांत होते. वाऱ्याचा आवाजही कमी झाल्यासारखा वाटतो. थकलेल्या माणसाला चूल पेटवता येते, मोडलेले दुरुस्त करता येते, आणि झोपताही येते. रात्रीच्या वेळी अनोळखी बंदराशी पोहोचलेला नाविक उजाडण्याची वाट पाहण्यासाठीही हीच युक्ती योजतो.

यातील आणखी एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. नौका आडवी सरकत असल्यामुळे तिच्या तळाखालून पाण्याचे भोवरे निघतात आणि वाऱ्याकडील बाजूस गुळगुळीत पाण्याचा एक पट्टा तयार होतो. चालून येणारी लाट या पट्ट्यात शिरली की तिचा माथा फुटण्याचे बळ कमी होते. जुने खलाशी याच हेतूने तेलाच्या पिशव्या पाण्यात सोडीत. मात्र या पट्ट्याच्या मागे राहावयाचे तर नौकेने पुढे जाता कामा नये. जी नौका थोडीशीही पुढे सरकते ती स्वतःच्या संरक्षणाबाहेर जाते. येथे थांबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. ती एक कृती आहे, आणि ती चुकली तर तिचे फळ लगेच मिळते.

आता आपल्या कोकण किनाऱ्याकडे वळू. आंग्र्यांच्या आरमाराची, गुराबांची आणि गलबतांची परंपरा ज्या किनाऱ्यास लाभली, त्या किनाऱ्यावरील तांडेल भर समुद्रात नाव तोलून धरण्यावर भिस्त ठेवीत होते काय? माझ्या मते त्यांनी वादळास दिलेले खरे उत्तर वेगळे होते. आणि ते उत्तर त्यांच्या समुद्रास योग्यच होते.

पावसाळ्यातला वारा आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे समुद्रावरून थेट जमिनीकडे येतो. तोलून धरलेली नौका वाऱ्यासरशी सरकते, हे आताच आपण पाहिले. किनाऱ्यापासून दहा सागरी मैलांवर असलेली नाव ताशी दीड मैल या गतीने जमिनीकडे सरकू लागली, तर सहा-सात तासांत ती खडकांवर जाऊन आदळेल. जी युक्ती महासागरात माणसाला रात्रभर झोप देते, तीच किनाऱ्याजवळ त्याचा घात करते. शिवाय आपल्या गलबतांची शिडे तिरप्या परबाणावर चढवलेली असत. बाजू बदलावयाची म्हणजे ते लांब परबाण डोलकाठीच्या पलीकडे फिरवावे लागे. पुढचे शीड उलटे भरून धरण्याची जी सोय वर वर्णिली ती या बांधणीत सहजासहजी नव्हती.

म्हणून आमच्या दर्यावर्द्यांनी स्थळाऐवजी काळ ओळखला. पावसाळा येण्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या, त्या शाकारावयाच्या, आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात उतरावयाचे, हा शिरस्ता कोळीवाड्यांतून आजही चालतो. त्यामागे श्रद्धा आहे, तसेच हवामानाचे पिढीजात ज्ञानही आहे. राज्यकर्त्यांनीही हेच धोरण मान्य केले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, असे ते मानतात. आणि तरीही पावसाळ्यात आरमाराची छावणी सुरक्षित बंदरात, किल्ल्याच्या आश्रयाने करावी, वारा प्रतिकूल असता व्यर्थ साहस करून माणसे आणि तारवे संकटात घालू नयेत, असाच त्यांचा रोख आहे. ज्या लेखकाने समुद्रावरील सत्तेचे इतके महत्त्व ओळखले, त्यानेच मागे सरण्याची वेळही नेमकी सांगावी, यात मला मोठे शहाणपण दिसते.

हे बंदराचे उत्तर अद्याप जुने झालेले नाही. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रात उठले. केरळ आणि तामिळनाडूमधील कित्येक मच्छीमार नौका भर समुद्रात सापडल्या. त्यांपैकी साठांहून अधिक नौका, नऊशेहून अधिक माणसांसह, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या आश्रयास आल्या. देवगडची ती खाडी आंग्र्यांच्या काळी जे काम करीत होती तेच काम तिने एकविसाव्या शतकात केले.

परंतु ज्याच्या चारी बाजूंस हजार-हजार मैल पाणीच पाणी आहे, त्याने काय करावे? त्याला बंदर नाही. पण त्याच्याजवळ एक गोष्ट विपुल आहे, ती म्हणजे मोकळा समुद्र. तोलून धरण्याची विद्या या मोकळ्या समुद्राची आहे. तिला शास्त्राचे बळ देण्याच्या कामी आपल्या देशातील एका शहराचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

हे शहर म्हणजे कलकत्ता. तेथे हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज गृहस्थ राहत असे. पूर्वायुष्यात त्याने जहाजांवर नोकरी केली होती. बंगालच्या उपसागरात वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा मिळवून, कोणत्या ठिकाणी कोणत्या घटकेस वारा कोठून वाहत होता, याची टिपणे त्याने वर्षानुवर्षे जुळवली. त्यातून या वादळांचा वारा सरळ वाहत नसून केंद्राभोवती चक्राकार फिरतो, या मतास त्याने बळकटी आणली. सापाच्या वेटोळ्यावरून त्याने त्यास ‘सायक्लोन’ असे नाव दिले. १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे ते नाव जगभर रूढ झाले. हा ग्रंथ पंडितांसाठी नव्हता, साध्या खलाशांसाठी होता. नकाशावर ठेवून वादळाचे केंद्र अजमावता यावे म्हणून त्याने पारदर्शक शिंगाची चकतीही योजली होती.

या शोधामुळे थांबण्याच्या विद्येत एक नवा प्रश्न उत्पन्न झाला: थांबावयाचे ते कोणत्या अंगावर? आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळ ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हातास जो अर्धा भाग येतो तो अधिक धोक्याचा असतो. कारण तेथे वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळतो. त्या भागात सापडलेल्या नाविकाने वारा नौकेच्या उजव्या अंगावर घेऊन थांबावे, असा नियम पुढे ठरला. तसे केले असता वाऱ्याची दिशा जसजशी फिरते तसतशी नौकेची नाळ केंद्रापासून दूर वळत जाते, आणि मोठ्या शिडात एकाएकी समोरून वारा भरण्याचे संकट टळते. चुकीच्या अंगावर थांबलेला माणूस नकळत केंद्राकडेच ओढला जातो. तात्पर्य, नुसते थांबणे पुरत नाही. वादळ कोठून कोठे चालले आहे, हे जाणून थांबावे लागते.

आता या इतिहासातील अशा एका नौकेकडे येऊ, जिच्यावर आपणा सर्वांचा थोडासा तरी हक्क आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी व्यापारी जहाजांवरील नोकरीनिमित्त मुंबईस असे. त्याने १९६३-६४ च्या सुमारास मुंबईतच, मुंबईच्या सुतारांकडून, सागवानी लाकडाची बत्तीस फुटी नौका बांधून घेतली. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास जे नाव देतात तेच त्याने तिला दिले: ‘सुहैली’. तिचा आराखडा नॉर्वेच्या किनाऱ्यावरील जुन्या बचावनौकांच्या वळणाचा होता. म्हणजे तळाची पठाण नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लांब, अंग जाड, आणि चाल मंद. शर्यतीच्या दृष्टीने ती कोणासही शोभिवंत वाटली नसती.

१४ जून १९६८ रोजी हीच नौका घेऊन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधील फालमथ बंदरातून निघाला. एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीला शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा घालावयाची, अशी ती शर्यत होती. तोवर ते कोणी केले नव्हते. नऊ जण निघाले. आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर, सप्टेंबरात, दक्षिण महासागरातल्या पहिल्याच मोठ्या वादळात लाटेने सुहैलीला आडवे पाडले. नौका पुन्हा सरळ झाली खरी, पण तिची वरची खोली जागची हलली, आणि आणखी असा एक तडाखा तिला सोसवेल की नाही याची त्याला शंका वाटली. तेव्हा त्याने शेकडो फूट लांबीचा जाड दोर नौकेच्या मागून पाण्यात सोडला आणि पुढे अगदी लहान शीड मध्यावर ताणून धरले. दोराच्या ओढीने नौकेची पाठ लाटांकडे राहिली, गती कमी झाली, आणि आडवे पडण्याचे भय टळले. शास्त्रशुद्ध अर्थाने हे नाव तोलून धरणे नव्हे. ते तिचे सख्खे भावंड होय. हेतू एकच: धावत्या लाटेपुढे अंगाची बाजू न देता वेळ काढणे.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या बाजूस त्याचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. त्यानंतरचा अर्धा जगप्रवास त्याने शिडे एकमेकांशी तोलून आणि सुकाणू बांधूनच पुष्कळ अंशी पुरा केला. ज्याला नौका थांबवण्यासाठी तोलता येते त्याला ती चालवण्यासाठीही तोलता येते, हे त्याने दाखवून दिले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परतला. नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या सागवानाने त्या दिवशी जगाच्या इतिहासात आपले नाव लिहिले.

लाटेपुढे बाजू देण्यात एवढे काय भय आहे, हे दहा वर्षांनी साऱ्या जगाला कळले. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकास वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. १३ आणि १४ तारखांच्या दरम्यान त्यांना वादळाने गाठले. शर्यतीतील १५ खलाशी मृत्यू पावले. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या काही नौका पुढे रिकाम्याच पण तरंगत्या सापडल्या, ही गोष्ट मनास चटका लावून जाते. त्यानंतर साउदॅम्प्टन येथे नमुन्याच्या नौकांवर प्रयोग झाले. आडव्या उभ्या असलेल्या नौकेच्या लांबीच्या तीन-दशांश उंचीची फुटती लाटसुद्धा तिला आडवी करू शकते, आणि सहा-दशांश उंचीची लाट जवळजवळ कोणत्याही नौकेस पालथी घालते, असे आढळून आले. बत्तीस फुटी सुहैलीला हा हिशेब लावून पाहा. दहा फुटांची फुटती लाट तिला लोळवील आणि वीस फुटांची उलथून टाकील. दक्षिण महासागरात वीस फुटांची लाट ही रोजची गोष्ट आहे. म्हणूनच नाळ लाटेकडे तिरपी धरणे, किंवा पाठ तिच्याकडे करणे, हा खलाशाच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो.

सुहैलीची कथा आपल्या देशात एका निवृत्त दर्यासारंगाच्या मनात घर करून बसली होती. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते राहिले कोठे, तर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, माझ्या गावासारख्याच कोरड्या मुलखात. तेथे बसून त्यांनी ध्यास घेतला की, भारतीय माणसाने एकट्याने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. २००६ साली नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी हे आव्हान स्वेच्छेने पत्करले. शिक्षणासाठी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच गेले. नौका गोव्यात, मांडवीतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. छप्पन्न फुटांची ही नौका मांडवीच्याच दुसऱ्या नावाने, ‘म्हादेई’ म्हणून, फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत मुक्काम करून मे २०१० मध्ये मुंबईस परतले. पाठोपाठ अभिलाष टॉमी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोठेही न थांबता मार्च २०१३ अखेर परत आले.

येथे ही कथा संपली असती तर ती नुसती यशोगाथा झाली असती. परंतु समुद्र कोणाही युक्तीला अभयदान देत नाही, हेही सांगितलेच पाहिजे. १९६८ च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, जुन्याच पद्धतीने, ताऱ्यांवरून आणि कागदी नकाशांवरून मार्ग काढीत, ती शर्यत पुन्हा भरविण्यात आली. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी गोव्यात सुहैलीचीच प्रतिकृती बांधली. तिचे नाव ‘तुरीया’. मुंबईच्या सागवानी नौकेची ही गोव्यातली धाकटी बहीण २१ सप्टेंबर २०१८ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात सापडली. लाटा १४ मीटरांपर्यंत, म्हणजे नौकेच्या लांबीहूनही अधिक उंच होत्या. मघाचा तीन-दशांशांचा हिशेब तेथे कुठल्या कुठे वाहून गेला. नौका लोळली, डोलकाठी मोडली, आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. त्यांना उभे राहता येईना. तीन दिवस ते त्या मोडक्या नौकेत पडून होते. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचलले.

त्या तीन दिवसांचा विचार केला म्हणजे मला वाटते की, थांबण्याच्या विद्येचा सर्वांत अवघड पाठ तोच होय. तेथे शीड नव्हते, सुकाणू धरणारा हात नव्हता. जवळ काय राहिले होते, तर एक न बुडालेली नौका आणि मदत येईतो जिवंत राहण्याचा निश्चय. कण्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन, पुन्हा चालायला शिकून, हेच गृहस्थ २०२२ च्या त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परत आले. ज्या ॲडमिरल आवटींच्या ध्यासातून हे सर्व उगवले, ते मात्र हे पाहण्यास राहिले नव्हते. टॉमी यांच्या अपघातानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्यांचे देहावसान झाले होते. त्यांनी लावलेले रोप वाढतच गेले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या होत्या. आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तिला पुन्हा जगाभोवती नेऊन आणले.

श्रोतेहो, या सर्व इतिहासातून मी कोरड्या मुलखातला माणूस तीन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, थांबावयाचे तर वेळेवर थांबले पाहिजे. शीड आखडण्याचा विचार मनात आला तीच ते आखडण्याची वेळ, असे खलाशी सांगतात. कारण पुढे वाऱ्याचे बळ वाढते आणि माणसाचे घटते. दुसरी अशी की, थांबण्यास जागा लागते. जमीन जवळ असेल तर कोकणच्या तांडेलाप्रमाणे आधीच बंदर गाठावे. मोकळा समुद्र असेल तरच नाव तोलून धरावी. एका समुद्राचे शहाणपण दुसऱ्या समुद्रात जसेच्या तसे चालत नाही. आणि तिसरी अशी की, थांबलेला माणूस पुढे निघण्याचीच तयारी करीत असतो: शिडे शिवतो, पाणी उपसतो, अन्न खातो, झोपतो.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातील माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हात ते पत्रे तापत आणि पावसात वाजत. बाहेरून पाहणाऱ्यास वाटे की येथील जीवनच थांबले आहे. पण त्या पत्र्यांखाली भाकरी भाजल्या जात होत्या, मुले शाळेत जात होती, पेरण्या होत होत्या, जखमा भरत होत्या. आणि नवी घरे कशी बांधावीत म्हणजे ती पुन्हा अंगावर कोसळणार नाहीत, याची बोलणीही तेथेच होत होती. पुढे कित्येक गावे नव्या जागी उभी राहिली. शिडाच्या नौकेची ही विद्या मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा मला त्या शेडची आठवण झाली. आम्हांपैकी कोणी समुद्र पाहिला असेल, कोणी नसेल. परंतु वादळ ओसरेपर्यंत स्वतःस तोलून धरणे म्हणजे काय, हे आमच्या गावास कोणी निराळे शिकवावयास नको होते.